एक मिनिट, एक बाहुली आणि खेळून शिकणाऱ्या सिस्टर

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे मी अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय. बसमध्ये नेट गेलं, इअरफोन घरी राहिले, तर वाचून काढा.

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हा काय भलताच विषय. नर्सिंगचं शिक्षण आणि गेम. म्हणजे सिस्टर लोक ड्युटीवर ल्यूडो खेळतात का? तर नाही. पण खेळतात हे खरं आहे, आणि त्यांनी आणखी जास्त खेळायला हवं असं माझं मत आहे. का ते सांगतो.

भिवंडी तालुक्यात दिघाशी नावाचं गाव आहे. भिवंडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रमाग आणि गोदामं येतात, ट्रॅफिक येतं. पण त्याच तालुक्यात असे पाडे आहेत जिथे पावसाळ्यात गाडी दारापर्यंत पोचत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये दिघाशीच्या धर्मीचा पाडा या आदिवासी वस्तीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. रस्ता नव्हता. माणसांनी तिला झोळीत घातलं आणि चिखलातून चालत निघाले. वाटेतच ती बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. त्या दिवसांत पेपरात, टीव्हीवर ही बातमी येऊन गेली, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण होईल. तिथे आधी रस्ता हवा होता. कुठलंही ट्रेनिंग, कुठलंही अ‍ॅप रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. त्या बाळाचं नेमकं काय झालं असतं यावर मी इथे बसून निकाल देणार नाही. पण या बातमीने मला एका प्रश्नापाशी आणलं: असं बाळ केंद्रापर्यंत पोचलं, आणि तिथे रात्रपाळीला एकच सिस्टर आहे, तर पहिल्या मिनिटात तिचे हात काय करतील?

हे मिनिट का महत्त्वाचं? जन्माला आलेल्या शंभर बाळांपैकी साधारण दहा बाळांना श्वास सुरू करायला काहीतरी मदत लागते. बहुतेकांना नीट कोरडं पुसणं आणि पाठ चोळणं पुरतं. पण काही थोडी बाळं अशी असतात की ती तरीही श्वास घेत नाहीत. त्यांना बॅग आणि मास्कने हवा द्यावी लागते, आणि ती साधारण पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला हवी. या साठ सेकंदांना जगभर 'गोल्डन मिनिट' म्हणतात.

फोनवर स्टॉपवॉच आहे ना? लावा. साठ सेकंद होऊ द्या आणि तेवढ्यात एवढं डोक्यात करून बघा: बाळ कोरडं पुसलं. ओला कपडा बाजूला केला. रडतंय का बघितलं. नाही. पाठ चोळली. परत बघितलं. नाही. तोंडात घाण आहे का, असेल तर साफ केली. नाळ बांधली, कापली. बाळ टेबलावर नेलं. मान ठेवली, वास घेताना आपण चेहरा जरा पुढे काढतो ना, साधारण तशी. मास्क लावला, हनुवटी, तोंड आणि नाक झाकलं जाईल पण डोळ्यांवर येणार नाही असा. बॅग दाबली. छाती वर आली का? नाही आली. आता?

झालं मिनिट. आणि इकडे आई विचारतेय, बाळ रडत का नाहीये.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. पुस्तकात एका पानावर मावते. परीक्षेला आली तर पाच मार्क पक्के. पण पान पाठ असणं वेगळं आणि हात चालणं वेगळं. पोहण्याच्या पुस्तकाने कोणी पोहायला शिकत नाही, आणि विहिरीत पडल्यावर पुस्तक आठवतही नाही.

मग हातांना शिकवायचं कसं? खऱ्या बाळावर सराव करता येत नाही. आणि गंमत बघा, वाईट अर्थाने गंमत. छोट्या केंद्रात महिन्याला दहा बाळंतपणं होतात असं धरू. बॅग-मास्क लागणारी बाळं शंभरात पाच धरू. म्हणजे दोन महिन्यांतून एकदा अशी वेळ येणार, आणि ती नेमकी कुणाच्या ड्युटीत येईल सांगता येत नाही. एखाद्या सिस्टरला वर्षभर बॅग हातात धरावीच लागणार नाही, आणि मग एका रात्री दोन वाजता लागेल. इतक्या क्वचित लागणारी गोष्ट अनुभवाने शिकायची म्हटली तर तो अनुभव कुणाच्या तरी बाळाच्या जिवावर मिळवावा लागतो.

इथे खेळ येतो. गेममध्ये आपण मेलो की काय होतं? परत जिवंत होतो, परत उतरतो. कुठे मार खाल्ला ते कळलेलं असतं. बीजीएमआय खेळणाऱ्याला कोणी 'अनुभवाधारित शिक्षण' असं म्हणत नाही, पण चाललेलं तेच असतं. डेव्हिड कोल्ब नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, त्यातलं चक्र अगदी साधं आहे: करून बघा, काय झालं ते आठवा, त्यातून काय कळलं ते ठरवा, परत करून बघा. आपल्याकडे भातुकली खेळणाऱ्या पोरी हे कोल्बच्या कितीतरी आधीपासून करतायत.

भातुकलीवरून आठवलं. नर्सिंगच्या डमीचा इतिहास खरंच बाहुल्यांचा इतिहास आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण होती. राजाच्या हुकमाने ती गावोगाव फिरून बायकांना बाळंतपण शिकवायची, आणि शिकवायला तिने कापडाची आईची कंबर आणि कापडाचं बाळ शिवलं होतं. नंतर १९११ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलने नर्सना शिकवायला माणसाएवढी बाहुली मागवली, ती बनवली मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईने. त्या बाहुलीचं नाव पडलं मिसेस चेस. आणि १९६० मध्ये सीपीआर शिकवायची जगप्रसिद्ध 'अ‍ॅन' आली, ती नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल यांची. त्यांचा धंदा काय? खेळणी. म्हणजे खेळणं आणि जीव वाचवणं हे एकाच कारखान्यातून निघालंय, ही काही माझी कल्पना नाही.

त्याच लेर्दाल कंपनीची नवजात बाळाची बाहुली आहे, 'नीओनॅटली'. आज भारतातल्या कितीतरी स्किल लॅबमध्ये ती दिसते. ती पोकळ येते, तिच्यात कोमट पाणी भरतात. मी एका स्किल लॅबमध्ये ती हातात घेतली. पाण्यामुळे तिला खऱ्या बाळासारखं वजन येतं आणि मान लुळी पडते. सांगतो, हात आपोआप तिच्या डोक्याखाली जातो. रबर आहे हे डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं.

तिला बारीक नळ्यांनी जोडलेले छोटे फुगे असतात. शिकवणारी व्यक्ती ते हातात धरून बसते. एक दाबला की नाळेत ठोके लागतात, दुसरा दाबला की छाती हलते, आणि रडण्याचा आवाजही काढता येतो. म्हणजे बाळ रडणार की नाही हे समोरची ठरवते, आणि खेळणाऱ्या सिस्टरला ते माहीत नसतं. तिने मास्क नीट बसवला नाही तर हवा बाजूने फुस्स करून जाते आणि छाती वर येत नाही. बाहुली तोंडावर खरं सांगते. मॅडम रागावल्यात का, मार्क कापले का, हा प्रश्नच नाही.

या खेळाचा बोर्डही आहे. 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचा ट्रेनिंग कार्यक्रम अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये आणला. त्यात भिंतीवर एक तक्ता लावतात. वर हिरवा पट्टा: बाळ रडतंय, आईजवळ ठेवा. मध्ये पिवळा: मदत हवी. खाली लाल: अजून श्वास नाही. आपली सापशिडीच, फक्त इथे फासा नाही, तुमच्या हाताने काय केलं त्यावर घर ठरतं. सिस्टर जोडीने खेळतात. एक सिस्टर होते, दुसरी बाळ चालवते. मग अदलाबदल. आपल्या सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून आहे, त्यातही बाळाला श्वास द्यायचं शिक्षण असंच डमीवर देतात.

आता माझ्याबरोबर मोजा, वेग कळावा म्हणून. 'श्वास' म्हटलं की मूठ दाबायची, 'दोन, तीन' म्हणताना सोडायची. श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन. मिनिटाला चाळीस ते साठ वेळा. घाबरलेला माणूस यापेक्षा फार जोरात जातो, आणि मग हवा आत जाऊन बाहेर यायला वेळच मिळत नाही. म्हणून हे मोठ्याने म्हणायचं असतं. मराठीतच म्हणा. मार्गदर्शक पुस्तकं इंग्रजीत असोत, रात्री दोन वाजता तोंडातून मराठीच येणार.

आईसाठीही असा खेळ आहे. 'मामानॅटली' म्हणजे एक पोटासारखी पिशवी. ती शिकवणारी बाई स्वतःच्या कमरेला बांधते आणि आई होते. आत बाळ, वार, आणि लाल पाण्याची पिशवी. बाळ बाहेर आलं की ती हळूच रक्त सोडते. खेळणाऱ्या सिस्टरला ते दिसलं पाहिजे, पोट चोळलं पाहिजे, ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन मांडीत गेलं पाहिजे. आणि या प्रकारातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: आई ही जिवंत बाई असल्यामुळे ती बोलते. घाबरते, हात धरते, 'काय करताय, मला सांगा' म्हणते. सिस्टर तिच्याशी नीट बोलली नाही तर नंतर तीच आई सांगते, की मला तुझी भीती वाटली. लेबर रूममधल्या ओरडाआरड्याबद्दल आपल्याकडे किती बायका बोलतात, विचारा आपापल्या आयांना. त्यावरचं औषध लेक्चरमध्ये नाही. एकदा स्वतः त्या टेबलावर पडून बघण्यात आहे.

आणि याला लाखो रुपये लागतात असंही नाही. 'प्रोंटो' नावाची एक संस्था आहे, तिने मेक्सिकोत, ग्वाटेमालात आणि आपल्या बिहारमध्ये नर्सना असंच ट्रेनिंग दिलं. त्यांचं मुख्य यंत्र म्हणजे एक पँट! ऑपरेशन थिएटरमधली साधी पँट कापून-शिवून बाळंतपणासाठी बनवलेली, नाव 'पार्टोपँट्स'. मादाम द्यु कुद्रेला बघून आनंद झाला असता.

इथवर सगळं गोड वाटतंय. आता कडू भाग. आणि तो आपल्याच भागातून आलाय, म्हणून जरा थांबून सांगतो.

बेळगाव जिल्ह्यात 'हेल्पिंग बेबीज ब्रीद'चं ट्रेनिंग ५९९ जणांना दिलं गेलं. प्राथमिक केंद्रांतल्या, जिल्हा आणि शहरातल्या रुग्णालयांतल्या, बाळंतपण करणाऱ्या लोकांना. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ताजे मृतजन्म, म्हणजे कळा सुरू होईपर्यंत जिवंत असलेली पण मृत जन्मली असं नोंदलेली बाळं, १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आली. जवळपास निम्मी. याचा अर्थ नीट बघा. यातली काही बाळं बहुधा मेलेली नव्हतीच. हृदय चालू होतं, श्वास नव्हता, आणि मदत न मिळाल्यामुळे ती 'मृत' म्हणून लिहिली जात होती. मात्र जन्मानंतरच्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही.

पुढे बेळगाव, नागपूर आणि केनियातला एक भाग असं तीन ठिकाणी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. २०१६ मध्ये निकाल आले, आणि एकत्रित पाहता बाळांच्या मृत्यूत ठळक घट दिसली नाही. ट्रेनिंग झालेल्यांची काही महिन्यांनी परत परीक्षाही घेतली. डोक्यातलं ज्ञान बऱ्यापैकी टिकलं होतं. हाताचं कौशल्य, विशेषतः बॅग-मास्क, घसरलं होतं. म्हणजे काय करायचं ते आठवत होतं, करता येत नव्हतं.

मला हा निकाल आवडतो, कारण तो खोटी आशा देत नाही. एक दिवसाची कार्यशाळा, जेवण, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, संपलं. याला मी खेळ म्हणत नाही. वर्षातून एकदा नेटमध्ये बॅटिंग करून कोणी सामना खेळत नाही.

मग दुसरीकडे बघा. टांझानियात हायडोम नावाच्या खेड्यातल्या रुग्णालयातही आधी हेच झालं होतं. एक दिवसाचं ट्रेनिंग, डमीवर छान जमलं, लेबर रूममध्ये वागणं बदललं नाही. मग त्यांनी बाहुली लेबर रूमच्या शेजारीच ठेवली. आठवड्याला तीन ते पाच मिनिटं सराव, आणि महिन्यातून एकदा चाळीसेक मिनिटांची उजळणी. बस. पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. बाहुली तीच, तक्ता तोच. बदललं काय? खेळ हॉलमधून उठून कामाच्या जागी आला, आणि वारंवार झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. खेळ मजेदार आहे म्हणून तो शिकवत नाही. परत परत हरता येतं, आणि हरल्यावर कुणाचा जीव जात नाही, म्हणून तो शिकवतो. ज्या 'गेम'मध्ये हरायला जागा नाही तो गेम नाही, पॉवरपॉइंटला लावलेलं स्टिकर आहे.

मोबाईलवर प्रश्नमंजूषा, बॅज, लीडरबोर्ड, हे आता नर्सिंग कॉलेजमध्येही आलंय. वाईट नाही. औषधांचे डोस पाठ करायला चांगलंच. पण बॅज मिळालेल्या बोटाला मास्क धरता येईल असं समजू नका. त्यातल्या त्यात दोन गोष्टी मला जमलेल्या वाटतात. एक 'लाइफ', ऑक्सफर्ड आणि केनियातल्या लोकांनी मिळून केलेला फोनवरचा गेम. त्यात तुम्ही हॉस्पिटलच्या खोलीत उभे असता, बाळ येतं, पुढचं सामान काय उचलायचं ते वेळेत ठरवायचं, चुकलात तर का चुकलं ते कळतं. दुसरं डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनचं 'सेफ डिलिव्हरी अ‍ॅप', त्यात छोटे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ आणि पायऱ्यापायऱ्यांची परीक्षा आहे. इथिओपियात त्याची रीतसर चाचणी झाली. सिस्टर लोकांचं ज्ञान आणि कौशल्य दोन्ही स्पष्ट वाढलं. बाळांचे मृत्यूही कमी दिसले, पण तो फरक ठामपणे अ‍ॅपमुळेच झाला म्हणावा इतका पक्का नव्हता.

आणखी एक भाग असतो, जो आपल्याकडे नेहमी गाळला जातो. खेळ संपल्यावर बसून बोलणं. इंग्रजीत डीब्रीफिंग. आपल्याकडे चूक झाली की एक तर झापतात, नाहीतर झाकतात. इथे दोन्ही चालत नाही. 'तू मास्क लावलास तेव्हा तुला काय दिसत होतं?' असं विचारायचं आणि गप्प बसायचं. यातूनच कळतं की तिला छाती हलत नाही हे दिसलं होतं, पण समोर सिनियर होत्या म्हणून बोलली नाही. ही गोष्ट कुठल्याच लेखी परीक्षेत पकडली जात नाही. म्हणून अशा खेळात मोठ्याने बोलायची सवय लावतात. 'ऑक्सिटोसिन दहा युनिट, मांडीत.' 'दिलं, दहा युनिट.' 'एक मिनिट झालं.' कबड्डीत दम मोठ्याने घ्यायचा असतो, तसंच. तोंड बंद ठेवून टीम खेळत नाही.

भारतीय नर्सिंग परिषदेने बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये बदलला, आणि त्यात सिम्युलेशन आणि स्किल लॅबला अधिकृत जागा दिली. कागदावर चांगलंच आहे. पण लॅबला कुलूप आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये असेल, इन्स्पेक्शनच्या दिवशीच बाहुलीवरचं प्लास्टिक निघत असेल, तर काय उपयोग? तुमच्या कॉलेजमध्ये असं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, कॉलेजचं नाव न घेता.

नर्सिंग शिकणाऱ्यांना आज रात्रीपासून करता येईल असं सांगतो. ड्युटी सुरू झाली की लेबर रूममधली बॅग हातात घ्या. मास्कचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा आणि बॅग दाबा. हाताला दाब जाणवला पाहिजे, आणि जास्त दाबल्यावर सुरक्षेची झडप उघडली पाहिजे. सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे. नाही झालं तर बॅग फाटलीय किंवा चुकीची जोडलीय, आत्ताच इन्चार्जना सांगा. दहा सेकंद लागतात. मग मैत्रिणीला स्टॉपवॉच द्या, बाहुली असेल तर बाहुली, आणि एक मिनिट खेळा. रोज नको, आठवड्यातून एकदा. पण न चुकता.

जे नर्सिंगवाले नाहीत त्यांनी बॅग-मास्कच्या भानगडीत पडू नका, ते शिकलेल्या हातांचं काम आहे. पण वाटेत, गाडीत कुणी बाळंत झालं तर: १०८ ला फोन, बाळाला कोरड्या कपड्याने नीट पुसा, पाठ चोळा, आईच्या छातीवर उघड्या अंगाला अंग लावून ठेवा, वरून दोघांना पांघरूण घाला, डोकं झाका. नाळ घरच्या ब्लेडने कापू नका, मदत येईपर्यंत तशीच राहू द्या. आंघोळ घालू नका.

पुढच्या भागात १०८ ला फोन लावल्यानंतर पलीकडे नेमकं काय काय होतं ते बघू. तोवर भेटू, काळजी घ्या.